वाढदिवसाचे पाकीट आणि केळुसकर गुरुजींचे पुस्तक



आमच्या वस्तीत मध्यंतरी एका मुलीचा पहिला वाढदिवस झाला. हॉल घेतला होता. फुग्यांची कमान, दोन मजली केक, दीडशे माणसांचे जेवण, आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात रिटर्न गिफ्टची पिशवी. मुलीचे वडील कंत्राटी कामगार आहेत. निम्मा खर्च बचत गटाच्या कर्जातून केलेला. अर्जावर कर्जाचे कारण लिहिले होते शिलाई मशीन. त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतला तिसरीतला एक मुलगा घरीच बसून राहिला. आई म्हणाली, "पोटात दुखतंय त्याच्या." पोटात काही दुखत नव्हते. रिकाम्या हाताने जायचे कसे, हा प्रश्न होता.

या विषयावर आपल्या बैठकीत बोलायला गेलो की दोन तट पडतात. एक गट म्हणतो, केक, मेणबत्त्या हे सगळे परक्यांचे खूळ आहे, बंद करा. दुसरा गट म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या उष्टे खाल्ले, आता चार पैसे आले तर आम्ही नाचू, तुम्हाला काय त्रास? आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. आधी इतिहास काय सांगतो ते पाहू.

जन्मतारीख कुणाला होती?

आपापल्या घरातील जुनी कागदपत्रे काढून बघा. आजोबांची जन्मतारीख बहुधा १ जून निघेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर पोराकडे बघून वयाचा अंदाज करायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. एकाच गावातील पन्नास माणसे एकाच दिवशी जन्मलेली! हे इतर जातींच्या गरिबांतही झाले. पण शाळेची पायरीच ज्यांना उशिरा मिळाली, त्यांच्याकडे ही खोटी तारीखसुद्धा नव्हती. आजीला विचारले तर ती सांगायची, "प्लेगच्या सालातला जन्म माझा." नाहीतर पुराच्या, नाहीतर दुष्काळाच्या. आपल्या माणसाचा जन्म आपत्तीच्या हिशेबाने मोजला जायचा.

हे आपोआप झाले नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बाळाचे नाव कसे ठेवावे याचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक. दहाव्या अध्यायात शूद्राने धनसंचय करू नये असे सांगितले आहे आणि चांडाळाला तर प्रेतावरची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने एवढेच ठेवले आहे. ज्याच्या नावातच तुच्छता घालायची, त्याच्या जन्माचा सोहळा कसला? २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये हा ग्रंथ जाळला गेला, त्यात नावे ठेवण्याचा हा नियमही जळाला.

त्यानंतर काही महिन्यांतच, १४ एप्रिल १९२८ ला, पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी केली. ही पहिली सार्वजनिक जयंती मानली जाते. आपल्यातील एका माणसाची जन्मतारीख समाजाने मिळून साजरी करावी, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

म्हणून आपल्या लेकराचा वाढदिवस करणाऱ्या आईबापाला आम्ही हसणार नाही. या घरात जन्मलेल्या पोरीचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे, असे ते जाहीर करत आहेत. हा हक्क आपण मिळवला आहे. प्रश्न पुढचा आहे. मिळवलेल्या हक्काचे आपण काय करतो?

खर्चाविषयी आपली चळवळ काय म्हणत आली

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या घरी मूल जन्मण्याआधीपासून ते माणूस मेल्यानंतरपर्यंत, कोणत्या निमित्ताने किती दक्षिणा काढली जाते, याची यादीच आहे. आनंदाचा प्रत्येक प्रसंग हा वसुलीचा प्रसंग कसा होतो, हे जोतिरावांनी दाखवले. नुसते लिहून ते थांबले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीशिवाय, अगदी कमी खर्चात पहिले सत्यशोधक लग्न लागले. सावित्रीबाई त्यात पुढाकाराने होत्या.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. अंगभर घातलेले कथलाचे आणि चांदीचे दागिने ही तुमची अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. नेसणे नीटनेटके, स्वच्छ असावे आणि मुलींना शिकवावे, हेही सांगितले. नीट पाहा. चांगले नेसू नका असे ते म्हणाले नाहीत. ज्या खर्चाने माणूस वर येत नाही, उलट खालच्या पायरीवर पक्का होतो, तो खर्च सोडा असे ते म्हणाले.

हीच कसोटी आम्ही वाढदिवसाला लावतो. खर्च कुणाच्या खिशात जातो? आणि त्यातून लेकराला काय मिळते?

एका सत्काराची गोष्ट

आपल्या इतिहासात एका मुलाच्या कौतुकसोहळ्याची नोंद आहे आणि ती खुद्द त्या मुलाने लिहिलेली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ती सांगितली आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले. (धनंजय कीर यांच्या चरित्रात हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा आहे.) समाजातील लोकांना अतोनात आनंद झाला. सभा घेऊन मुलाचा सत्कार करू, म्हणून ते परवानगी मागायला रामजीबाबांकडे गेले.

रामजीबाबांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्याने फक्त एक परीक्षा तर दिली आहे, असे त्यांचे म्हणणे.

हे बोलणारा बाप कंजूष नव्हता. हाच बाप पोराने मागितलेल्या पुस्तकासाठी लग्न झालेल्या मुलींच्या घरी जायचा, त्यांचा एखादा दागिना मागून आणायचा, तो गहाण ठेवून पुस्तक घ्यायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. कर्ज त्यांनीही काढले, पण पुस्तकासाठी काढले. सत्काराला ते नको म्हणाले आणि पुस्तकासाठी लेकीचा दागिना मागायला लाजले नाहीत.

लोक निराश झाले, पण मागे हटले नाहीत. रामजीबाबांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना त्यांनी मध्यस्थीला घातले. केळुसकर लेखक, शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमाला ते ओळखत होते. त्यांच्या शब्दाखातर रामजीबाबा तयार झाले आणि सभा झाली. भाषणाच्या शेवटी केळुसकरांनी मुलाच्या हातात एक भेट ठेवली. स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र.

त्या पुस्तकाने आपल्यावर खोल परिणाम केला, असे बाबासाहेब लिहितात. बुद्धाकडे जाणाऱ्या आपल्या वाटेची सुरुवात ते तिथून सांगतात. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले, ते आपल्याला माहीत आहे. एका पुस्तकाने धम्मक्रांती केली असे आम्ही म्हणत नाही, त्यामागे पन्नास वर्षांचा अभ्यास आणि संघर्ष होता. पण त्या सभेत हार कुणी घातला, खाऊ काय वाटला, हे आज कुणाला ठाऊक नाही. भेट मात्र ठाऊक आहे.

भेट की उधारी?

आता आजच्या पाकिटाकडे येऊ. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की भेटीला तीन बंधने असतात. द्यावी लागते, घ्यावी लागते, आणि परत करावी लागते. आपल्या आयाबायांना हे मोसशिवाय कळत होते. लग्नघरात आहेराची वही असते. कुणी किती लावले ते लिहायचे, आणि त्याच्या घरच्या कार्यात तेवढे, जमल्यास अकरा रुपये जास्त, फेडायचे. अडीअडचणीच्या काळात या वहीने गरिबांची लग्ने पार पाडली, हेही खरे. पण ही वही मोठ्यांच्या व्यवहाराची होती. तीच आता पाच वर्षांच्या मुलांच्या हातात गेली आहे. अमक्याने काय आणले, तमक्याचे पाकीट किती जाड, हे मुले मोजायला शिकत आहेत. आणि रिटर्न गिफ्ट म्हणजे यजमानाने त्याच दिवशी फेडलेला हप्ता.

हिशेब करून पाहा. महिन्याला दोन वाढदिवस, प्रत्येकी दीडशे रुपयांची भेट, म्हणजे वर्षाला ३६०० रुपये. धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी ही किरकोळ रक्कम नाही. ज्याला ती परवडत नाही, त्याच्या पोराच्या पोटात दुखू लागते. जातीने केलेली उतरंड आपण मोडायला निघालो आणि वस्तीतल्या वस्तीत पाकिटाची नवी उतरंड बांधायला लागलो!

केकवाल्यांवर आमचा राग नाही. केकवर मेणबत्त्या लावण्याची रीत अठराव्या शतकातील जर्मनीतली. वाढदिवसाच्या त्या जगप्रसिद्ध गाण्याची चाल अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या पॅटी हिल आणि मिल्ड्रेड हिल या दोन बहिणींची. १८९३ मध्ये ती बालवाडीतल्या मुलांना सकाळी नमस्कार करण्याच्या गाण्यासाठी छापली गेली. भीमराव तेव्हा दोन वर्षांचा होता, आणि पुढे शाळेत त्याला गोणपाटावर वेगळे बसायचे होते. मुलांसाठीच्या त्या चालीवरचे गाणे पुढे कंपन्यांच्या मालकीचे झाले, सिनेमात ते वापरले की पैसे मोजावे लागायचे. २०१५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने तो दावा फेटाळला तेव्हा ते मोकळे झाले. म्हणजे चीज परकी की आपली, हा मुद्दाच नाही. मुलांचा आनंद विकायला काढला जातो, हा मुद्दा आहे. जोतिरावांनी पाहिलेली दक्षिणा गेली, आता तिच्या जागी पॅकेज आले.

मग करायचे काय?

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगाला, चौथा भाग संकटकाळासाठी. उपभोगाला जागा आहे, पण ती एका भागाची आहे. वाढदिवस त्या पहिल्या भागातून व्हावा. चौथ्या भागाला हात लावून नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

आम्ही आमच्या वस्तीत काही गोष्टी ठरवायला निघालो आहोत. तुमच्या वस्तीतही बोलून पाहा.

वाढदिवस विहारात किंवा घरी. त्रिसरण-पंचशील, खीर किंवा साधा केक, आणि गल्लीतली सगळी मुले. बोलावणे करतानाच सांगायचे की पाकीट आणू नका. ज्याला द्यायचेच आहे त्याने पुस्तक द्यावे, वाचलेले, जुने चालेल. भेटी सगळ्यांसमोर उघडायच्या नाहीत, नावे पुकारायची नाहीत. रिटर्न गिफ्ट बंद. मिळालेल्या पुस्तकांपैकी मुलाने वाचून झालेले एक तरी विहारातील कपाटात ठेवायचे. आजी-आजोबा असतील तर त्यांची १ जूनची गोष्ट त्या दिवशी मुलांना सांगायची.

कुणी म्हणेल, मुलाला पुस्तक नको असते, रिमोटची गाडी हवी असते. बरोबर आहे. गाडी आईबापांनी आपल्या ऐपतीने जरूर घ्यावी, खेळणे हाही मुलाचा हक्क आहे. पण ती गाडी पाहुण्यांच्या पाकिटातून वसूल होऊ नये. कुणी म्हणेल, लोक नावे ठेवतील. रामजीबाबांनी नकार दिला तेव्हाही लोक नाराज झालेच होते.

केळुसकरांनी दिलेले पुस्तक भीमाने परत फेडले नाही. त्याने ते वाचले, आणि पुढे स्वतः लिहिलेला बुद्ध आपल्या हाती दिला. पलीकडच्या गल्लीतल्या त्या तिसरीतल्या मुलाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. तारीख खरी आहे, दवाखान्याच्या दाखल्यावरची. आम्ही जाणार आहोत, पुस्तक घेऊन.

जयभीम! नमो बुद्धाय!