मिरजेचा तंबोरा : लाकूड, बांधणी आणि नाद

मिरजेचा तंबोरा : सांगली जिल्ह्यातील मिरज येथे घडवले जाणारे, हिंदुस्थानी संगीतात आधारस्वर देणारे तंतुवाद्य. तारा बहुधा चार. वाद्यावर राग वाजवला जात नाही. गायकाच्या कानावर षड्ज अखंड ठेवणे हेच त्याचे काम. त्यामुळे सतारीत किंवा सरोदमध्ये वादकाचा हात वाद्याची उणीव भरून काढू शकतो, तसे तंबोऱ्यात होत नाही. इथे नादाचा कस लागतो तो भोपळा, लाकूड, घोडी आणि त्यांच्या जुळणीवर. लाकडाचा व बांधणीचा नादावर काय परिणाम होतो, हे समजून घ्यायला मिरजेच्या तंबोऱ्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

इतिहास

मिरजेच्या वाद्यकारांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर होते. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा त्यांच्यातील काही घरे आधी वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग वाद्ये घडवण्याकडे वळली. फरीदसाहेबांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. पुढे अनेक घराण्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावले.

या कलेला गाव अनुकूल होते. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गायकांना आश्रय दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी त्यांच्याकडे येथेच विद्या घेतली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत घर केले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले, आणि तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. सुरेलपणाबाबत इतका काटेकोर गायक दाराशी असल्यावर कारागिरांचा कानही त्याच कसोटीवर तयार झाला.

लाकूड

दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर बसवलेली फळी, यांसाठी मुख्यतः तून वापरतात. हा वृक्ष शिवालिकच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत आढळतो. कडुनिंब आणि महोगनी हे त्याचे कुलबंधू, कारण तिन्ही मेलिएसी कुलातले. तून हलके, तांबूस आणि कोरायला सोपे असते. चांगले मुरले की सहसा पिळत नाही. ओल्या लाकडात कंपने लवकर विरतात, शिवाय वाळताना ते आकसते आणि सांधे सुटतात. म्हणून जुन्या, पूर्ण सुकलेल्या लाकडाला मान असतो.

ताणलेली तार स्वतः फार थोडी हवा हलवते. तिची कंपने घोडीतून तबलीत उतरतात आणि तबलीचे मोठे पृष्ठ ती हवेत सोडते. तबली हलकी असेल तर ती सहज हलते, आणि ताठ असेल तर तारांच्या दाबाने खचत नाही. हे दोन्ही गुण एकत्र साधण्यासाठी तिला मधोमध किंचित फुगवटा देतात. ती फार पातळ झाली तर आवाज मोठा निघतो, पण तारेची ऊर्जा लगेच संपते. फार जाड ठेवली तर स्वर टिकतो, पण दबका राहतो. तंबोऱ्यात एका तारेचा स्वर विरण्याआधी पुढची तार छेडली गेली पाहिजे आणि चौघींचा नाद एकमेकांत मिसळला पाहिजे. म्हणून कारागीर थोड्या मोठेपणावर पाणी सोडून टिकाऊपणा राखतो. तबली टिचकीने वाजवून ऐकत तासणे ही इथली मोजमापाची रीत आहे.

भोपळा आणि दांडी

भोपळा कडू जातीचा, वेलीवरच पक्व होऊन वाळलेला असतो. मिरजेला तो मुख्यतः भीमाकाठच्या पंढरपूर परिसरातून येतो. भोपळ्याचा आकार हा निसर्गाचाच, त्यामुळे कोणतेही दोन तंबोरे तंतोतंत सारखे होत नाहीत. वाळलेली साल पातळ, हलकी आणि कडक असते. आतली हवा तबलीबरोबर कंप पावते आणि खालच्या स्वरांना भरदारपणा देते.

दांडी आतून पोकळ असते. तिने वाद्य हलके राहते, पण तारांच्या ओढीने तिने वाकता कामा नये. वाकली तर स्वर उतरतो. दांडीच्या लांबीवर तारेची लांबी ठरते. पुरुषी तंबोरा मोठा असतो, कारण लांब तार खालच्या स्वरातही पुरेशी ताणलेली राहते. आखूड तार तितकी खाली उतरवली तर सैल पडून स्वर अस्थिर होतो. स्त्रियांच्या आवाजासाठीचा तंबोरा त्या मानाने लहान. पहिली तार मंद्र पंचमात (रागानुसार मध्यमात किंवा निषादात), मधली जोडी षड्जात आणि चौथी खर्जात लावतात. पहिल्या तीन तारा बहुधा पोलादाच्या, खर्ज पितळेचा. खुंट्यांनी स्वर जवळ आणायचा आणि घोडीखालच्या मण्यांनी तो अचूक बसवायचा.

घोडी आणि जवारी

तंबोऱ्याची घोडी गिटारीच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. तिचा माथा रुंद आणि अगदी हलक्या उताराचा असतो. पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरात होते. आता हाड, लाकूड आणि कृत्रिम पदार्थ वापरतात. हा उतार कानशीने घासून साधणे म्हणजे जवारी काढणे. तार कंप पावताना या माथ्याला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते, आणि मोकळ्या तारेची लांबी क्षणाक्षणाला किंचित बदलते. या स्पर्शांमुळे मूळ स्वरातील ऊर्जा वरच्या स्वरांशांकडे, म्हणजे मूळ कंप्रतेच्या पटीत येणाऱ्या स्वरांकडे, वळत राहते. तार व घोडी यांमध्ये सरकवलेला सुती किंवा रेशमी दोरा हा स्पर्श कुठे व्हावा ते ठरवतो. दोरा केसभर हलला की नाद खुलतो किंवा मिटतो.

या नादाची नोंद चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये घेतली. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे, तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू येतो तो स्वरांश ऐकू येऊ नये. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तो स्पष्ट ऐकू येतो, आणि याचे कारण रामन यांनी घोडीच्या वक्र माथ्यात शोधले. गायक ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात त्याचा उगम इथेच आहे. काळी एक पट्टीत षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, सुमारे ६९. खर्जाचा पाचवा स्वरांश सुमारे ३४६ हर्ट्झ येतो, आणि तो तार सप्तकातला शुद्ध गांधार. गांधाराची तार तंबोऱ्यावर नसते, तरी जवारी नीट असेल तर तो कानावर पडतोच.

विद्युत गिटारीशी तुलना

लाकडाचे महत्त्व किती, हा प्रश्न जगभर सर्वाधिक रंगतो तो विद्युत गिटारीबाबत. तिथे चित्र वेगळे आहे. घन अंगाच्या गिटारीत आवाज तबलीतून बाहेर पडत नाही. पोलादी तार चुंबकावरच्या वेटोळ्यासमोर हलते, वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि तोच ध्वनिवर्धकाकडे जातो. १९३० च्या दशकारंभी आलेल्या रिकनबॅकरच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारीचे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे होते. फेंडरने १९५० पासून घन लाकडी अंग रूढ केले. गिब्सनच्या १९५२ च्या ‘लेस पॉल’मध्ये महोगनीवर मेपलचा थर आला. तुनाचा कुलबंधू असलेली महोगनी तिथे मुख्यतः तारांना भक्कम टेकू देतो.

याचा अर्थ बांधणी तिथे गौण आहे असा नाही. जर्मन संशोधक हेल्मुट फ्लायशर आणि टिल्मन झ्विकर यांनी १९९० च्या दशकात दाखवले की मान ज्या कंप्रतेला सहज हलते, त्या कंप्रतेचे स्वर तारेतून लवकर ओसरतात. तारेची लांबीही मोजावी लागते : तीच तार त्याच स्वरात ६२८ ऐवजी ६४८ मिलिमीटर लांबीवर लावली तर ताण सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. मात्र वेटोळे कोणते आणि ते तारेखाली नेमके कुठे बसवले आहे, याचा परिणाम अंगाच्या लाकडापेक्षा कितीतरी अधिक ठळक असतो.

दोन्ही वाद्यांमधला दुवा १९६० च्या दशकात सापडला. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास ‘कोरल’ विद्युत सतार बाजारात आली. अंगाला भोपळा नव्हता आणि मांडणी गिटारीचीच होती, पण घोडी तंबोऱ्याच्या घोडीसारखी रुंद आणि वक्र ठेवलेली होती. तेवढ्याने तारेला सतारीसारखा झंकार आला. यातून दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. नादाचा रंग जवारी ठरवते, म्हणून तो परक्या अंगावरही नेता येतो. त्या रंगाला भरीवपणा आणि विस्तार मात्र तून आणि भोपळाच देतात; ते वाद्यापासून वेगळे काढता येत नाहीत.

सद्यस्थिती

१९७० च्या दशकाअखेर बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला, आणि आता मोबाइलवरही आधारस्वर मिळतो. रियाजाला, प्रवासाला ही साधने सोयीची आहेत. पण ठराविक नाद पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राबरोबर गाणे आणि दर छेडीला किंचित नवा उमलणाऱ्या नादात गाणे, यांत गायकाच्या कानाची घडण वेगळी होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. बाहेरच्या मालाला मिरजेचे नाव लावण्याला त्याने आळा बसतो.

तरीही या वाद्याची खरी गरज दुसरीकडे आहे. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि जवारी बिघडते. मग ती पुन्हा काढावी लागते. लाकूड आणि भोपळा नीट सांभाळले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पण त्यांतून निघणारा नाद जवारी काढणाऱ्या हाताविना टिकत नाही. हे काम वर्षानुवर्षे ऐकत, घासत, पुन्हा ऐकतच शिकले जाते आणि त्यातून मिळकत बेताची असते. म्हणून गायक, संगीतशाळा आणि शासन यांनी तंबोऱ्याच्या खरेदीइतकेच जवारीच्या प्रशिक्षणावर आणि तिच्या योग्य मोबदल्यावर लक्ष दिले पाहिजे.