‘मॅन’ ते ‘पर्सन’ : एका संविधानातील पाठभेद

अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्याने १९९४ मध्ये आपल्या संविधानाची भाषा लिंगनिरपेक्ष करण्याचे ठरविले. त्यासाठी संविधानातच एक कलम घालण्यात आले : राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी दुसऱ्या प्रकरणाचे स्त्रीपुरुष-समावेशक भाषेत पुनर्लेखन करावे, मात्र त्यामुळे कलमांचा आशय, अर्थ वा परिणाम बदलू नये. या अटीमागे भाषेविषयीचा एक सिद्धान्तच गृहीत आहे. शब्द हे अर्थाचे वस्त्र असून ते उतरवून दुसरे चढविता येते, असा तो सिद्धान्त. समीक्षेने तो केव्हाच टाकून दिला. विधिव्यवहाराला मात्र त्यावाचून गत्यंतर नसावे.

१७७७ च्या मूळ संहितेतील पहिले कलम या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. सर्व ‘मेन’ जन्मतः सारखेच स्वतंत्र आहेत, अशी घोषणा त्यात आहे. म्हणून पुरुषाला एकविसाव्या आणि स्त्रीला अठराव्या वर्षानंतर स्वसंमतीवाचून कोणाचे दास्य करावे लागू नये, असे पुढे म्हटले आहे. म्हणजे पूर्वार्धातील ‘मेन’मध्ये स्त्री अंतर्भूत असलीच पाहिजे, एरवी तो ‘म्हणून’ लटका पडतो. परंतु तीच संहिता मताधिकाराकडे वळते तेव्हा ‘मॅन’ म्हणजे निव्वळ पुरुष. एकाच संहितेत एकच शब्द स्त्रीला दास्यमुक्तीपुरता सामावून घेतो आणि मतदानाच्या वेळी बाहेर ठेवतो.

आज दोन्ही ठिकाणी ‘पर्सन’ आहे. पहिल्या जागी तो मूळ अर्थ स्पष्ट करतो. दुसऱ्या जागी मूळ अर्थ पुसून टाकतो. न्यायमूर्तींवरील अट तरीही मोडत नाही, कारण मतदानातील लिंगभेद संघराज्याच्या एकोणिसाव्या दुरुस्तीने १९२० मध्येच अवैध ठरविला होता. कायदा म्हणून अट निर्दोष, इतिहास म्हणून सदोष. ‘फ्रीमन’ जाऊन ‘मतदार’ आला तेव्हाही नागरिकत्वाची जुनी चौकट अशीच दिसेनाशी झाली. समावेशाचा मी पुरस्कर्ताच आहे. पण जुना पाठ समासात तरी राहावयास हवा होता.

मराठीत हा पेच निराळा होतो. ‘व्यक्ती’ म्हटले की पुरुषही व्याकरणात स्त्रीलिंगी होतो, आणि त्याने कोणाचा अधिकार वाढत नाही की घटत नाही. आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात राष्ट्रपतीसाठी पुल्लिंगी सर्वनामच आहे. पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंग अंतर्भूत मानावे, हा १८९७ च्या साधारण वाक्खंड अधिनियमातील नियम अनुच्छेद ३६७ मुळे त्यालाही लागू होतो. २००७ मध्ये प्रतिभा पाटील आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू त्या पदावर आल्या, त्या या सर्वनामाला हात न लावता.