धरणाच्या भिंतीतून पाणी पाझरतंय, म्हणजे धरण फुटणार का?

पावसाळा सुरू झाला की 'धरणाला गळती' असे व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागतात. काही जुने असतात, काही भलत्याच धरणाचे. पण गळतीची प्रत्येक बातमी अफवा नसते. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. 20 हून अधिक लोकांचा जीव गेला. धरण गळत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मग साधी गळती कोणती आणि धोक्याची कोणती?

थोडं पाझरणं नेहमीचंच

महाराष्ट्रातली बहुतेक धरणं मातीची आहेत. मधोमध चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचा भराव आणि पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग, अशी त्यांची रचना असते. गाभ्यातूनही थोडं पाणी झिरपतंच. ते वाळू-खडीच्या गाळणीतून पायथ्याच्या चरात येतं. मोठ्या धरणांवर हे पाणी मोजून त्याची नोंद ठेवतात. जलाशय भरताना पाझर वाढणं स्वाभाविक आहे. पाण्याची पातळी तेवढीच असताना तो वाढला, तर मात्र कारण शोधावं लागतं.

गढूळ पाणी ही धोक्याची खूण

पाझरणारं पाणी गढूळ झालं, तर ते भिंतीतली माती सोबत घेऊन येत असतं. आत पोकळी तयार होते आणि पायथ्याकडून जलाशयाच्या दिशेनं सरकत जाते. अभियंते याला 'पाइपिंग' म्हणतात. पोकळी जलाशयापर्यंत पोहोचली की काही तासांत भगदाड पडू शकतं.

इतर खुणाही आहेत:

• माथ्यावर नवी भेग किंवा खचलेला भाग
• उतारावर नव्यानं दिसणारी ओल
• पायथ्याशी जमिनीतून वाळूसह उसळणारं पाणी
• विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या बांधकामाच्या कडेनं येणारं पाणी

देखभाल म्हणजे नेमकं काय?

तिवरे फुटल्यावर खापर खेकड्यांवर फोडलं गेलं आणि त्याची बरीच चेष्टा झाली. बिळांमुळे भराव पोखरला जातो, हे खरं आहे. पण ती बिळं शोधून बुजवणं हेच तर देखभालीचं काम. भिंतीवरची झाडं लहान असतानाच काढणं, निसटलेलं पिचिंग बसवणं, दरवाजांना वंगण देणं आणि सांडवा मोकळा ठेवणं हीसुद्धा त्यातलीच कामं. सांडवा तुंबला आणि पाणी माथ्यावरून वाहू लागलं, तर मातीचं धरण फार काळ टिकत नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं, तेव्हा त्याच्या विमोचकाचं काम अपुरं होतं. तिथला भराव खचला आणि पाणी त्यावरून गेलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला धरणही फुटलं. पुण्याला पाणी पुरवणारं धरण तेच होतं. त्यामुळे पुरात बुडालेल्या शहराचा पाणीपुरवठाही तुटला.

कायदा काय सांगतो?

धरण सुरक्षा कायदा, 2021 नुसार 15 मीटरपेक्षा उंच धरणांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. 10 ते 15 मीटर उंचीची काही धरणंही त्यात येतात. मालक यंत्रणेनं देखभालीसाठी पुरेसा निधी ठेवायचा असतो. धरण फुटल्यास काय करायचं, याचा आराखडाही तिनंच करायचा असतो. गावाजवळचे अनेक छोटे तलाव मात्र या उंचीत बसत नाहीत. म्हणून तिथं गावकऱ्यांचं लक्ष अधिक मोलाचं ठरतं.

गळती दिसली तर?

पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून थोडा वेळ ठेवा. तळाशी माती बसली, तर वाट पाहू नका. जागा, तारीख आणि वेळ नोंदवून फोटो काढा आणि धरणाच्या शाखा अभियंत्याला व तहसीलदारांना कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. पाणी गढूळ असेल आणि वाढत असेल, तर आधी फोन करा आणि धरणाखालच्या वस्तीला सावध करा. व्हिडिओ नंतरही टाकता येईल.