अंधारातली ठरलेली वाट

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली काही मोठी थीम पार्क संध्याकाळी दिवसाच्या पाहुण्यांना निरोप देतात, फाटक लावून घेतात आणि अंधार पडता पडता वेगळ्या तिकिटावर पुन्हा उघडतात. दुपारी मुले जिथे आइस्क्रीम खात होती त्या रस्त्यावर आता धुराचे लोट सोडलेले असतात, त्यातून रंगवलेल्या चेहऱ्यांची सोंगे अंगावर चालून येतात, आणि भूतबंगल्यांसमोर तास-दीड तासाच्या रांगा लागतात. हॅलोवीनच्या या रात्रींना पहिल्यांदा जाणाऱ्याचे प्रश्न साधे असतात. कोणत्या दिवशी जावे, पायात काय घालावे, मुलांना न्यावे का, आत कोणी अंगाला हात लावेल का? उत्तरे पार्कच्या नियमावलीत मिळतात, पण ती तशी का आहेत हे नियमावली सांगत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. गेल्या दोनशे वर्षांत हा धंदा भुते बनवायला शिकला, ही त्याची अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी, आणि माझ्या मते अधिक मोलाची, ही की तो भीतीला बांध घालायला शिकला. पाहुणा तिकिटाचे पैसे भीतीसाठी मोजतो असे दिसते, पण तो खरे तर त्या बांधाच्या भरवशावर आत शिरतो.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. १७९९ मध्ये एतिएन-गास्पार रोबेर्तसन या मूळच्या लिएजच्या माणसाने कापुसीन पंथाच्या ओस पडलेल्या मठात 'फँटास्मागोरिया' नावाचा खेळ मांडला. क्रांतीतल्या दहशतीच्या काळाला पाच-सहा वर्षेच उलटली होती आणि जवळचे माणूस गमावलेली घरे शहरात जागोजागी होती. प्रेक्षक आधी दालनांतून फिरत, प्रकाशाचे आणि विजेचे चमत्कार पाहत, मग काळोख्या खोलीत येऊन बसत. पडद्यामागे चाकांवर बसवलेला जादूचा कंदील असे. तो मागे सरकवला की पडद्यावरची आकृती मोठी होत अंगावर आल्यासारखी वाटे, पुढे आणला की ती आक्रसून नाहीशी होई. आणि दोन्ही वेळा चित्र स्पष्ट राहावे म्हणून भिंग त्याच बेताने हलवावे लागे. सोबतीला काचेच्या वाद्याचे अशरीरी सूर असत. हे सारे करणारा रोबेर्तसन स्वतःला मांत्रिक म्हणवत नव्हता. हे विज्ञान आहे आणि अंधश्रद्धा कशा जन्मतात ते दाखवण्यासाठीच हा खेळ आहे, अशी त्याची भूमिका होती. याच जातीचा कंदील १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' म्हणून हाती घेतला आणि काचेवर रंगवलेल्या पौराणिक कथा हलत्या चित्रांतून लोकांना दाखवल्या. यंत्राचे तत्त्व एकच. कल्याणला त्यातून देव आले, पॅरिसला मेलेली माणसे आली. बांधाचा पहिला दगड रोबेर्तसनच्या मठात बसला: घाबरवायचे, पण ही करणी माणसाची आहे हे लपवायचे नाही.

दुसरा दगड लंडनमध्ये बसला. मेणाचे पुतळे घडवणाऱ्या मारी तुसाँ १८०२ मध्ये इंग्लंडला आल्या आणि गावोगाव फिरून १८३५ मध्ये बेकर स्ट्रीटवर स्थिरावल्या. राजेराण्यांचे पुतळे मुख्य दालनात होते. खुनी माणसे आणि गिलोटिनखाली गेलेल्यांची मुंडकी मात्र वेगळ्या खोलीत ठेवली होती, आणि तिथे जायचे तर वेगळे पैसे पडत. पुढे ती खोली 'चेंबर ऑफ हॉरर्स' म्हणून गाजली. वेगळ्या दाराने जास्तीची कमाई झालीच, शिवाय ज्याला पाहायचे नाही त्याला न पाहण्याची सोय मिळाली. आजचे हॅलोवीनचे वेगळे तिकीट त्याच दाराचे वंशज आहे. दिवसाच्या तिकिटावर आलेले, लहान मुलांना घेऊन आलेले कुटुंब चुकून या रात्रीत सापडू नये, हा त्यामागचा हिशेब आहे. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवसाच्या तिकिटात रात्र धरली आहे असे समजू नये. आपण कोणत्या दारातून जात आहोत हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

लंडननेच आणखी एक करामत दिली. १८६२ च्या नाताळात रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेवर लपलेल्या नटाचे प्रतिबिंब पाडून रंगमंचावर पारदर्शक भूत उभे केले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण नाव 'पेपर्स घोस्ट' असे रूढ झाले. १९६९ मध्ये डिस्नेलँडला उघडलेल्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये मेजवानीच्या दालनात नाचणारी भुते याच युक्तीने दिसतात. म्हणजे भूत करण्याची विद्या एकोणिसाव्या शतकातच पुष्कळशी तयार होती. तरीही आजचा भूतबंगला तेव्हा जन्मला नाही, कारण त्यासाठी प्रेक्षकाने खुर्चीतून उठून स्वतः अंधारात चालायला हवे होते. तसे चालायला लावले अमेरिकेतल्या मंदीने. १९३३ च्या हॅलोवीनला अनेक शहरांत पोरांच्या खोड्या हाताबाहेर गेल्या; मोटारी उलथवल्या गेल्या, खांब पाडले गेले. यावर बंदी हा एकच उपाय लोकांनी शोधला नाही. वस्त्यांनी आणि संस्थांनी मुलांसाठी मेजवान्या ठेवल्या, तळघरांतून अंधारी वाट आखली, दोऱ्या, ओली फडकी आणि केसाळ कातडी लोंबकळत ठेवली, जेणेकरून अंगातली रग या वाटेवर जिरावी. रस्त्यावरच्या दंग्याला तळघरात वाट करून दिली, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. पुढे सत्तरीच्या दशकात जेसीज या तरुणांच्या सेवासंस्थेच्या शाखांनी गावोगाव निधीसाठी भूतबंगले लावले, आणि ही अंधारातली वाट अमेरिकन शरद ऋतूचा भाग झाली.

थीम पार्क यात उतरले ते कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्क गावी, आणि तिथला धागा कोंबडीच्या जेवणाच्या रांगेपर्यंत जातो. वॉल्टर नॉट हे बेरीचे शेतकरी. त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया १९३४ पासून तळलेल्या कोंबडीचे जेवण वाढू लागल्या. गर्दी इतकी झाली की ताटकळणाऱ्या लोकांचे मन रमवायला वॉल्टर यांनी १९४० मध्ये जुन्या खाणवस्तीच्या धर्तीवर 'घोस्ट टाउन' उभारायला घेतले. या नावाचा अर्थ भुतांचे गाव असा नाही. माणसे सोडून गेलेल्या ओसाड गावाला अमेरिकेत तसे म्हणतात. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये पार्कने तीन रात्री त्याच लाकडी गल्ल्यांत धूर सोडला, सोंगे उभी केली, आणि नाव अक्षरशः खरे झाले. नॉट्स बेरी फार्मचा हा उत्सव आज आठवडेच्या आठवडे चालतो. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ मध्ये 'फ्राइट नाइट्स' नावाने तीन रात्री एकच भूतबंगला लावला, तोही बंद असलेल्या 'जॉज' राइडच्या रांगेच्या जागेत. दुसऱ्या वर्षी नाव 'हॅलोवीन हॉरर नाइट्स' झाले, आणि २०११ पासून तो उत्सव सिंगापूरलाही पोचला. शाळा उघडलेल्या, पर्यटक ओसरलेल्या दिवसांत पार्क भरायचे, हे यामागचे रोकडे कारण. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गर्दीला रांगेत धरून ठेवायची, ठरल्या वेगाने पुढे न्यायची विद्या पार्ककडे आधीपासून होती, आणि भूतबंगल्याला तीच हवी होती.

त्या विद्येचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. अरुंद बोळात डाव्या हाताला प्रकाशझोतात एक प्रेत टांगलेले असते. ते हलणार म्हणून सगळ्यांची नजर तिकडे खिळते. उजवीकडे भिंतीत एक साधी तसबीर असते. तीच धाडकन खाली पडते, मागच्या खिडकीतून सोंग घेतलेला नट कमरेपर्यंत बाहेर झेपावतो आणि मागे सरून तसबीर पुन्हा वर ओढून घेतो. पुढचा घोळका कोपऱ्यावर यायच्या आत भिंत होती तशी झालेली असते. नट शक्यतो पाहुण्याच्या बाजूने किंवा मागून झेपावतो, समोरून वाट अडवत नाही, कारण या कारागिरांचा दंडकच आहे की दचकलेला माणूस पुढे पळाला पाहिजे. मागे उसळला तर मागच्यांवर आदळतो आणि रांग तुंबते. नट अंगाला हात लावत नाहीत आणि पाहुण्यानेही लावायचा नसतो. पाहुण्यांनी मुखवटे वा वेशभूषा करून येऊ नये असा नियम मोठ्या पार्कांत असतो, कारण सोंग कोण आणि पाहुणा कोण हे क्षणात कळले पाहिजे.

या बांधातला सर्वात जड दगड मात्र आठ मुलांच्या मृत्यूनंतर बसला. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कमधल्या 'हाँटेड कॅसल'ला आग लागली. मालट्रकचे ट्रेलर एकमेकांना जोडून ती वास्तू केली होती. आत पाण्याचे फवारे नव्हते, धुराची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. आठ किशोरवयीन मुले आतच गेली. कंपनीवर मनुष्यवधाचा खटला चालला, ज्युरीने तिला निर्दोष ठरवले; पण देशातले अग्निसुरक्षेचे नियम बदलले. जिथे धूर, किंकाळ्या आणि वाट चुकणे हा खेळाचाच भाग असतो, तिथे खरा धूर आणि खरी किंकाळी ओळखायची कशी, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले. ते उत्तर साधे आणि चोख आहे: धूर आढळताच खेळाचे आवाज आपोआप बंद पडले पाहिजेत आणि बाहेरची वाट दिसेल इतका उजेड झाला पाहिजे. फवारे आणि बाहेर पडण्याच्या खुणा सक्तीच्या झाल्या. अंधारात हिरवी वा लाल पाटी चमकताना पाहून रसभंग झाला असे काही जण म्हणतात. त्या पाटीची किंमत कोणी मोजली हे कळले तर तसे म्हणवणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: इतके नियम घातल्यावर उरते ती भीती कसली? डेन्मार्कमधल्या वायले शहराजवळच्या एका भूतबंगल्यात आऱ्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी ११० पाहुण्यांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे लावून पाहिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती आणि आनंद यांचा आलेख पालथ्या वाटीसारखा निघाला. भीती फार कमी असेल तर मजा नाही, फार जास्त झाली तरी नाही. मजा मधल्या टप्प्यावर आहे. तो मधला टप्पा बांधाशिवाय सापडणे कठीण. न्यू यॉर्कमध्ये २००९ पासून एकेकट्या पाहुण्याला आत सोडणारे, अंगाला हात लावणारे 'ब्लॅकआउट'सारखे प्रयोगही झाले, पण तिथेसुद्धा लेखी संमती घेतली जाई आणि एक शब्द उच्चारला की खेळ थांबे. जे सगळे नियम मोडायला निघाले त्यांनाही एक नियम ठेवावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भीती विकताना धंदा कोणाला भूत ठरवतो? २०१६ मध्ये नॉट्सने मनोरुग्णालयावर बेतलेला एक आभासी खेळ मांडला. त्याच्या नावात ५१५० हा आकडा होता, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेण्याचे कलम तेच आहे. मानसिक आजाराशी झुंजणाऱ्यांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि काही दिवसांतच खेळ बंद झाला. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आजारी माणूस म्हणजे राक्षस नव्हे, आणि तसे दाखवणे हा बांध फोडण्याचाच प्रकार आहे. फक्त यातून भूतबंगलाच वाईट असा निष्कर्ष निघत नाही. हरकत घेतली गेली आणि ती ऐकली गेली, म्हणजे रोबेर्तसनपासून सुरू झालेले बांधकाम अजून चालू आहे. त्यात पाहुण्यालाही हातभार लावता येतो. जे पटत नाही ते पार्कला कळवणे हाही तिकिटाचाच हक्क आहे.

आता पहिल्या भेटीचा बेत या इतिहासाच्या उजेडात नीट मांडता येतो. गर्दी हाच खेळाचा शत्रू, कारण रांग अखंड वाहू लागली की तसबीर तुमच्यासाठी नाही, तुमच्या पुढच्यासाठी पडते. म्हणून शक्यतो सप्टेंबरमधला दिवस, तोही आठवड्याच्या मधला, निवडावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी जाणे टाळावे. फाटक उघडतानाच पोचावे आणि ज्याची रांग सर्वात लांब होईल तो बंगला आधी गाठावा. पायात बंद, चालून मुरलेले बूट हवेत, कारण पाच मिनिटांच्या भीतीसाठी तासभर उभे राहायचे असते. युनिव्हर्सल तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असे सांगते, ते ऐकावे. मुलांच्या हौशीला दिवसाचे पार्क आहेच. सोबतचा कोणी मध्येच नको म्हणाला तर त्याला हसू नये. न पाहण्याचा हक्क बेकर स्ट्रीटच्या त्या वेगळ्या दाराइतका जुना आहे. आणि आत शिरताना एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी: आवाज एकदम थांबले आणि सगळे दिवे लागले, तर तो खेळ समजू नका, शांतपणे पाटीच्या दिशेने चालू लागा. बहुतेक रात्री ते दिवे लागत नाहीत. पण ते लागतील ही खात्री आहे, म्हणूनच पुढच्या बोळात मनसोक्त किंचाळता येते.