ऑलिव्हरचा वाडगा

मंडळी, आपल्यातल्या पुष्कळ गुरुजींनी ही गोष्ट वर्गात सांगितली असेल. अनाथ पोरगा रिकामा वाडगा घेऊन पुढे होतो आणि आणखी पेज मागतो. चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात लंडनच्या एका मासिकातून क्रमशः आली. त्या वाडग्यामागे एक कायदा होता.

१८३४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ठरवलं की, ज्याला पोट भरता येत नाही त्याने वर्कहाऊसमध्ये यावं. तिथे काम करावं, खावं, राहावं. पण नवरा एका कोठडीत, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. आतलं जिणं बाहेरच्या अगदी खालच्या मजुरापेक्षाही हलकं ठेवायचं, हे तर तत्त्वच होतं. गरीब माणूस मुळात आळशी, अशी त्यामागची समजूत. डिकन्सला ती पटणं शक्य नव्हतं. १८२४ साली बाप कर्जापायी तुरुंगात गेला, तेव्हा बारा वर्षांचा डिकन्स कारखान्यात बूटपॉलिशच्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकवीत होता.

वाचकांना पाझर फुटला खरा. पण कोणासाठी? ऑलिव्हर वर्कहाऊसात वाढतो, तरी बोलतो बड्या घरच्या मुलासारखं शुद्ध. आणि शेवटी निघतोही खानदानी बापाचाच! उलट, धोबिणीचा मुलगा नोआ चोर आणि चुगलखोर. म्हणजे वाचक हळहळला तो चुकून गरिबांत जाऊन पडलेल्या आपल्यातल्याच एकासाठी, असं मला वाटतं. नॅन्सीचं मात्र तसं नाही हं. ती चोरांच्याच टोळीतली, आणि ऑलिव्हरला वाचवण्यापायी जीव गमावते. तिच्यापाशी डिकन्सने खानदान शोधलं नाही.

या कादंबरीत थेम्सकाठची जेकब्स आयलंड नावाची गलिच्छ वस्ती आहे. १८४९ साली तिथे पटकी पसरली. हेन्री मेह्यू या पत्रकाराने स्वतः जाऊन पाहिलं, तर ज्या ओहोळात संडास रिकामे होत, त्यातलंच पाणी लोक पिण्यासाठी भरत होते. त्याने ते वर्तमानपत्रात लिहिलं. असं असूनही १८५० साली सर पीटर लॉरी, लंडनचे एकेकाळचे मेयर, भर सभेत म्हणाले की ही वस्ती फक्त डिकन्सच्या कादंबरीत आहे! डिकन्सने त्याच वर्षी नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांचा चांगलाच समाचार घेतला.

गरिबांचा तो कायदा मात्र पुरता मोडीत निघायला १९४८ साल उजाडलं.