मेश वायफाय बसवलं, तरी नेट स्लो का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगड-मातीच्या भिंती असोत की नव्या बंगल्यांचे स्लॅब, वायफायचा सिग्नल दोन्हीकडे अडतो. त्यावर उपाय म्हणून मेश घेतलं जातं. मग वरच्या खोलीत रेंज पूर्ण दिसते, पण व्हिडिओ फिरतच राहतो.

आधी लॅपटॉप केबलने मुख्य राउटरला जोडून स्पीड तपासा. तिथेच कमी असेल तर दोष मेशचा नाही, नेट कंपनीकडे तक्रार करा. खाली २०० एमबीपीएस आणि वर ३० मिळत असेल, तर बहुतेक वेळा वरच्या युनिटची जागा चुकलेली असते. अनेक जण ते नेमकं रेंज नसलेल्या खोलीतच ठेवतात! फोनवरची रेंज त्या युनिटपर्यंतचीच असते. त्यालाच खालून कमी मिळत असेल, तर ते पुढे काय देणार? ते अर्ध्या वाटेवर, जिन्याजवळ उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाटाशेजारी नको.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही युनिट केबलने जोडणं. बांधकाम सुरू असेल तर त्यासाठी पाइप आताच टाकून घ्या. केबल टाकूनही स्पीड ९५च्या आसपासच अडकला, तर तिचे प्लग तपासा. आठपैकी चारच तारा जोडल्या गेल्या असण्याची शक्यता असते.