येतली म्हणे!

आमच्या गावाचं नाव कट्टा. मालवणहून कसालकडे निघालात की वाटेत लागतं. या नावावरून शहरातल्या मित्रांनी करायचे तेवढे विनोद करून झालेत, तेव्हा तुम्हाला नवा सुचला तरी मनातच ठेवा :)

पण नाव सार्थ करण्यात गाव कधी मागे राहिलेलं नाही. गजाली मारायला आमच्याकडे विषय लागत नाही. पाऊस, काजूचा दर, मासळी, आणि गेली वीसेक वर्षं मोटारसायकल. त्यातलं एक वाक्य तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते म्हणीसारखं वाटतं: "नवीन गाडी येतली म्हणे." कुठली? कधी? कितीला? काही ठाऊक नसतं. तरी तासभर बोलणं होतं. "टाकी कितक्या लिटराची?" "घाटात डबलसीट ओढतली मां?" जणू गाडी बाहेर उभीच आहे आणि फक्त किल्ली यायची बाकी आहे.

आज त्या 'म्हणे'चाच थोडा इतिहास लिहावासा वाटतोय.

या गजालीतली गाडी नेहमी एकाच जातीची असायची. इंग्रजीत तिला स्पोर्ट टूरर म्हणतात. म्हणजे पळायला चपळ, पण दिवसभर चालवली तरी कंबर मोडणार नाही अशी. वारा अडवायला पुढे काच, मोठी टाकी, मागे सामान बांधायला जागा. युरोपात अशा गाड्या कित्येक वर्षांपासून आहेत, पण त्यांच्या किमतीत आमच्याकडे घर बांधून होतं. आमच्या पोरांना हवी होती ती हीच गाडी, पण दीड-दोन लाखांत.

आणि कोकणातल्या पोराला ती का हवी हे समजायला फार डोकं लागत नाही. मुंबई ते मालवण साधारण पाचशे किलोमीटर. पनवेल, वडखळ, महाड, कशेडीचा घाट, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली आणि मग कसालला उजवीकडे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली खरी, पण गणपतीत तिचं आरक्षण मिळणं म्हणजे नवसच. मग चाकरमानी पोरगा विचार करतो, सोमवार ते शुक्रवार ऑफिसला नेईन आणि शुक्रवारी रात्री गावाक. शंभर-सव्वाशे सीसीवर हे करणारे पुष्कळ होते आणि आहेत. पण पहाटे कणकवलीला पोचल्यावर हाताला आलेल्या मुंग्या दोन दिवस जात नाहीत. स्वप्न पडायचं ते या मुंग्यांमधून.

आता थोडं मागे जाऊ. आमच्या वडिलांच्या पिढीनेही गाडीची वाट पाहिली, पण ती वेगळी. बजाजची स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. चेतक आली १९७२ साली, आणि परवाना पद्धतीमुळे कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. परदेशातून परकीय चलन पाठवणारा कुणी नातेवाईक असला तर नंबर लवकर लागायचा. बाकीच्यांचा लागेल तेव्हा. गंमत म्हणजे त्या वाट पाहण्यात 'म्हणे' नव्हतंच. काय येणार हे पक्कं ठाऊक होतं, कधी येणार तेवढं ठाऊक नव्हतं. गजाल मारायला वाव कुठे?

१९९१ नंतर हे उलटं झालं. गाडी दुकानात उभी, पैसे द्या आणि घेऊन जा. पण पुढच्या वर्षी दुकानात काय उभं असेल ते सांगता येईना. रांग संपली आणि अफवा सुरू झाली, असं मला वाटतं. आपण कंपनीपुढे हात जोडून उभे नाही, कंपनीला आपल्याला काय हवंय याचा अंदाज घ्यावा लागतो, हे ज्या दिवशी गिऱ्हाइकाला कळलं त्या दिवशी त्याने तर्क लढवायला सुरुवात केली.

२००१ च्या शेवटी बजाजने १५० आणि १८० सीसीची पल्सर आणली. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली, २२३ सीसी, पंधरा लिटरची टाकी आणि अर्ध्या अंगावर आवरण. लांबच्या प्रवासाला म्हणून सामान्य माणसाने घेतलेली ती बहुधा आपल्याकडची पहिली गाडी. २००७ मध्ये पल्सर २२० आली फ्यूएल इंजेक्शन घेऊन, आणि २००९ मध्ये तीच गाडी साध्या कार्ब्युरेटरवर, आधीपेक्षा स्वस्त आणि किंचित जास्त ताकदीची होऊन आली. तिने मुंबई-गोवा रस्ता भरून गेला. पण पोटभर जेवण झाल्यावर गोड काय आहे विचारणारे आपण! याच्या पुढची कुठली, ही चर्चा लगेच सुरू.

ती चर्चा शिगेला पोचली फेब्रुवारी २०१४ मध्ये. ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात बजाजने दोन गाड्या मांडल्या. पल्सर एसएस ४०० ही पूर्ण आवरणाची, वाकून चालवायची. पल्सर सीएस ४०० ही उघडी, भारदस्त, सरळ बसून चालवायची. कंपनीनेच दाखवल्या म्हटल्यावर आता 'म्हणे' कशाला? पण खरं 'म्हणे' तिथूनच सुरू झालं. तारीख कोणीच सांगेना.

या अफवांना जन्म देणारा पट्टा महाराष्ट्रातच आहे. बजाजचं मुख्यालय आकुर्डीला, मोठ्या मोटारसायकलींचा कारखाना चाकणला, आणि नव्या गाड्यांच्या चाचण्या करून प्रमाणपत्र देणारी एआरएआय संस्था पुण्याच्या टेकडीवर. पट्ट्यापट्ट्यांचं स्टिकर अंगभर चिकटवलेली, कधी काळं कापड गुंडाळलेली गाडी रस्त्यावर दिसली की मागून येणारा मोबाईल काढायचा. आणि चाकण-भोसरीला कुठल्या ना कुठल्या पार्टच्या कंपनीत आमच्या तालुक्यातली पोरं कामाला असतातच. त्यातला एखादा मे महिन्यात गावी आला की त्याला आंबे नंतर, आधी बातमी. तो बिचारा रबराचे बूश तपासायच्या खात्यात. पण विचारल्यावर गप्प बसणं कोकणी माणसाला कसं जमेल?

दरम्यान बाकीच्यांच्या अफवाही होत्याच. हिरोने त्याच २०१४ च्या प्रदर्शनात एचएक्स २५० आर दाखवली. अमेरिकेतल्या एरिक ब्यूएल रेसिंगशी त्यांचं काम चाललं होतं. एप्रिल २०१५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २५० आर कधीच विक्रीला आली नाही. महिंद्राने मोजो २०१० मध्ये दाखवली आणि विकायला काढली ऑक्टोबर २०१५ मध्ये. पाच वर्षं! तिची टाकी मात्र एकवीस लिटरची, म्हणजे मुंबईत भरली की थेट गावात. कागदावर आमच्यासाठीच बनवलेली गाडी, पण ती येईपर्यंत वाट बघणाऱ्यांची लग्नं झाली होती.

मार्च २०१५ मध्ये बजाजने आवरणाची पल्सर आणली, पण ती आरएस २००. चारशेची नव्हे. चारशेची आवरणवाली कधी आलीच नाही. का नाही, यावर माझा आपला एक तर्क. बजाजची केटीएममध्ये २००७ पासून भागीदारी. त्याच चाकणला बनणारी केटीएम आरसी ३९० सप्टेंबर २०१४ मध्ये बाजारात आली होती. एकाच घरात दोन सख्ख्या भावांना एकाच मुलीचं स्थळ कोण आणील?

सीएस ४०० मात्र आली, नाव बदलून. मधल्या काळात तिला व्हीएस ४०० म्हणून झालं, क्रॅटोस म्हणून झालं. शेवटी १५ डिसेंबर २०१६ ला ती डॉमिनार ४०० म्हणून उभी राहिली. ३७३ सीसी, ३५ अश्वशक्ती, वजन १८२ किलो, टाकी तेरा लिटर, किंमत दिल्लीत १ लाख ३६ हजार. एबीएस हवं असेल तर १ लाख ५० हजार.

गजालीतली गाडी हीच होती का? अर्धी. ताकद, दिवा, किंमत, सगळं होतं. पुढे काच नव्हती, मागे कॅरिअर नव्हता. मग घेणाऱ्यांनी ते बाहेरून बसवून घेतलं. २०१९ मध्ये तिची ताकद चाळीस अश्वशक्ती झाली, आणि २०२१ मध्ये उंच काच, हातांपुढची ढाल, सामानाचा कॅरिअर, मोबाईल चार्ज करायची सोय हे सगळं कंपनीच बसवून देऊ लागली. म्हणजे सात वर्षांनी गाडी गजालीपर्यंत पोचली. म्हणूनच मला अफवेला नावं ठेववत नाहीत. अफवा म्हणजे कुणी न लिहिलेला अर्ज असतो. खाली सही नसते, पण मागणी स्पष्ट असते.

पण इतिहास लिहायचा तर अर्जात काय नव्हतं तेही लिहायला हवं. इतक्या वर्षांच्या गजालीत ब्रेकबद्दल मी फारच कमी ऐकलं. वेग, पिकअप, ॲव्हरेज, आवाज, रंग, सगळं. एबीएसचे ते चौदा हजार वाचवायचे की नाहीत, यावर लोकांनी खरोखर हिशोब केले. हा हिशोब कुठल्या रस्त्यासाठी, तर गणपतीच्या पावसात, रात्री, खड्डे आणि डायव्हर्जनमधून येण्यासाठी. शेवटी सरकारनेच एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं. आपण मागितलंच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट, मागे बसणाऱ्या माणसाची. आमच्याकडे गाडीवर मागे आई बसते, दवाखान्यात जायला. बायको बसते, पोर मधे घेऊन. तांदळाचं पोतं बसतं, गणपतीच्या आरासीचं सामान बसतं. या सगळ्यांतल्या कुणालाही गजालीत कधी बोलावलं नाही. "ओढतली मां?" हे विचारलं, "बसाक बरी आसा मां?" हे नाही. त्यामुळे बहुतेक स्पोर्ट गाड्यांची मागची सीट वीतभर रुंद आणि हातभर उंच निघाली, आणि साडी नेसून तिच्यावर चढणं ही एक कसरत झाली. कंपनीला दोष देऊन काय उपयोग? अर्ज भरणारेच सगळे पुढच्या सीटवरचे.

असो. आता रस्ताही बदललाय. सिंधुदुर्गात चौपदरी झाला, कशेडीला बोगदा झाला. करिझ्मा २०२३ मध्ये नव्या रूपात परत आली, २२० पल्सर बंद होऊन त्याच वर्षी परत आली. गजाली चालूच आहेत. पुढच्या खेपेला कुणी "येतली म्हणे" असं म्हणालं, तर घरातल्या बायकांना बाहेर ओट्यावर बोलवा आणि त्यांना विचारा, सीट किती उंच हवी. वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असेल.